तळ्याकाठून आलेली गाडी

आर्वेला माझ्या भावाची मुलगी. लहानपणी तिच्यापुढे दुधाचा पेला ठेवला की आधी विचारायची, कुठल्या गाईचं. सांगून भागायचं नाही. गाय दाखवावी लागायची, मगच पेला रिकामा व्हायचा. आता अठ्ठावन्न वर्षांची झाली, पण ती खोड काही गेली नाही. नवरा रूलन म्हणतो, लग्नात बिशपनं "कबूल आहे का" विचारलं तर हिनं उलट विचारलं, "कशाकशाला?" ते खोटं आहे. मी तिथं होते. पण तोंड उघडलं होतं तिनं, तेवढं खरं.

सव्वीस वर्षं ती आमच्या खोऱ्यातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात होती. पोरं कमी होत गेली, मग एका उन्हाळ्यात ठरलं की जेवण आता शेजारच्या गावाहून गाडीनं गरम डब्यांत येणार. आर्वेलाला एक घड्याळ दिलं आणि टाळ्या वाजवल्या. सप्टेंबरभर ती माझ्याकडे येऊन बसायची. विणकाम तिला येत नाही, आणि नुसतं बसणं तर त्याहून येत नाही.

त्याच सुमाराला डेलमाँट टॉलमनचे गुडघे गेले. डेलमाँट म्हणजे आमचा बर्फ मोजणारा. दर हिवाळ्यात महिन्याच्या शेवटी तो वर खिंडीपाशी जातो, ठरलेल्या दहा जागी पोकळ नळी बर्फात जमिनीपर्यंत खुपसतो आणि वर काढून तिचं वजन करतो. त्यावरून कळतं की उन्हाळ्यात कालव्यांना पाणी किती येणार. आमच्याकडे मे महिन्यात कोण किती गवत पेरणार, गाई ठेवणार की विकणार, सगळं त्याच्या आकड्यावर. एकतीस वर्षं त्यानं हे केलं. आता त्याच्या जागी दुसरं माणूस मिळालं नाही तर आमच्या दहा जागा बंद करायच्या आणि खिंडीपलीकडच्या यंत्राच्या आकड्यावर भागवायचं, असं शहरातल्या कचेरीतून कळवलं होतं. पलीकडचा बर्फ आणि अलीकडचा बर्फ यांत किती फरक असतो ते आमच्या गाईंनाही ठाऊक आहे.

आर्वेला डेलमाँटच्या दारात गेली आणि, आमच्या चर्चमध्ये सगळे एकमेकांना हाक मारतात तशी, म्हणाली, "ब्रदर टॉलमन, मी केलं तर?"

तो म्हणाला, "सिस्टर, गाडी आहे का?"

"नाही."

"बर्फावरची गाडी स्वतःची लागते. डोंगरातली. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या शेवटी माझ्याबरोबर दोन फेऱ्या करा. त्यातल्या एका तरी फेरीला तुमची गाडी तुम्ही वर नेलीत, की मी कचेरीला तुमचं नाव देतो. नाही जमलं तर जागा बंद."

नोव्हेंबरात ती लिलावातून बर्फावरून धावणारी एक जुनी स्नोमोबाइल घेऊन आली. काळी, बाजूला हिरवे पट्टे, नाकावर ओरखडे. पण मागचा रबरी पट्टा चांगला लांब आणि दाते बोटाएवढे, म्हणजे खोल बर्फातलीच. विकणाऱ्या पोरानं ती आपल्या कुठल्याशा मामाकडून आणलेली. त्याला पेट्रोल कुठं घालायचं याखेरीज काही माहीत नव्हतं. तिच्या घरच्या गॅरेजात रूलनच्या वस्तू, म्हणजे गाडी सोडून सगळं. म्हणून स्नोमोबाइल माझ्या जुन्या गोठ्यात आली, कारण तिथं लाकडाची शेगडी आहे. मी माझी खुर्ची तिकडेच नेली. टीव्हीवर त्याहून बरं काही नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं गाडी सुरूही केली नाही. नुसती भोवती फिरली.

"आत्या, हा माणूस उंच होता."

"कशावरून?"

"हँडल बघ ना. मला धरायचं तर खाली पाट लागेल."

"किंवा त्याचे हात आखूड असतील."

"आणि काच एवढी उंच कशाला? डोंगरात कुणी अशी काच लावतं? झाडांत अडकून मोडेल की. हा वाऱ्यात बसून जायचा, सरळ, लांब लांब." मग तिनं मागच्या लोखंडी जाळीचा वास घेतला. खरंच घेतला. "मासे."

रूलन दारात उभा होता. म्हणाला, "लोकांच्या बायका नवऱ्याचे खिसे तपासतात. माझी परक्या माणसाच्या गाडीचे."

"तुझ्या खिशात काय सापडणार? खिळे आणि चीजचा चुरा."

"चीज चांगलं असतं ते."

मग तिनं एकेक भाग उघडायला घेतला. कुणी तरी दिलेलं दुरुस्तीचं जाड पुस्तक शेजारी, आणि प्रत्येक बोल्ट माझ्या मफिनच्या साच्यात, एका खळग्यात एक, काढला त्या क्रमानं. हवा आत जाते त्या डब्यात उंदराचं घरटं निघालं. गादीचा कापूस, सुतळी, आणि कुरतडलेले कागद. दुसऱ्या कुणी ते शेगडीत टाकलं असतं. तिनं चिमट्यानं कागद वेगळे केले आणि माझ्या पोळपाटावर मांडत बसली. मासेमारीचा परवाना निघाला. नाव उंदरानं खाल्लेलं, पण एका तळ्याचं नाव शिल्लक होतं आणि राज्याचंही. पूर्वेकडचं, आमच्यापासून दोन दिवसांच्या रस्त्यावरचं.

"गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला न्यायचा," ती म्हणाली. "डोंगरातली गाडी घेऊन तळ्यावर. का बरं?"

"हौस. तुझ्या काकानं बोट घेतली होती. इथं."

त्या दिवसापासून तो माणूस गोठ्यात आमच्याबरोबर राहायलाच आला म्हणा. साखळीच्या डब्यातलं तेल काढलं तर काळं निघालं, तळाच्या चुंबकावर लोखंडाची लव. "आळशी होता." पण सगळ्या सांध्यांत ग्रीस ताजं. "नाही, आळशी नव्हता. त्याला तेलाचं झाकण दिसलंच नसेल." कुठं घट्ट, कुठं सैल, त्यावरून ती त्याचा स्वभाव सांगायची. रूलन एकदा म्हणाला, "एवढं माझ्याबद्दल तुला माहीत नाही." ती म्हणाली, "तुला उघडायचं पुस्तक मिळालं नाही."

डिसेंबरभर तिनं ती आपल्या मापाची करून घेतली. उंच काच काढली. हँडल चार बोटं खाली आणलं. माशांची जाळी काढली, आणि तिच्या जागी मोजायच्या नळ्यांसाठी कॅनव्हासची लांब पिशवी शिवली, माझ्या मशीनवर, तीन सुया मोडून. डेलमाँटनं सांगितलं म्हणून मागच्या पट्ट्याशेजारी दोन तारा बसवल्या. दाबलेल्या रस्त्यावर त्या बर्फ खरवडून वर उडवतात. तो उडता बर्फ लागला नाही तर गाडीच्या पोटातलं पाणी तापतं. "म्हणजे गाडीला ताप येऊ नये म्हणून अंगावर बर्फ," ती म्हणाली. मागच्या शेतात चालवून पाहिली. सुसाट. कुंपणाच्या खांबांना वळसे घालून आली तेव्हा गाल लालबुंद, आणि आमच्या घराण्यात आहे तसं हसू, सगळे दात दाखवून.

जानेवारीच्या शेवटी ती आणि डेलमाँट वर गेले. नऊ मैल रस्ता ठीक. मग बकरीची शिडी लागते. तीन वळणांचा उभा चढ आहे तो. दुसऱ्या वळणापुढे आर्वेलाची गाडी घुसमटायला लागली. वेगाची दांडी पूर्ण दाबलेली, पण इंजिन कण्हतंय, वेग काही घेत नाही. मग जळक्या रबराचा वास आला आणि गाडी शेपटीवर बसल्यासारखी बर्फात रुतली. दोनदा खणून काढली, खाली आणून पुन्हा चढवली. दोनदा तिथंच. डेलमाँट मग एकटा वर गेला. दहा जागा त्यानं त्या गुडघ्यांवर केल्या आणि दोन आठवडे काठी घेऊन हिंडला.

"सिस्टर," परतताना तो एवढंच म्हणाला होता, "ही गाडी घेऊन तुम्ही फेब्रुवारीत आलात तर तुम्ही वर पोचायच्या आधी मी मयताचे बटाटे खात असेन."

आमच्याकडे मयताला चीज-बटाट्यांची परात असते. चांगली लागते, म्हणून लग्नालाही असते. पण तो कोणत्या अर्थानं म्हणाला ते तिला कळलं.

रविवारी आमच्याकडे कुणी यंत्राला हात लावत नाही आणि धंद्याचं बोलत नाही. पण तब्येत विचारायला हरकत नसते. म्हणून चर्चच्या बोळात, कोट घालता घालता, पुरुष मंडळी आर्वेलाच्या गाडीची तब्येत विचारायला जमली. अमुकानं सांगितलं, पेट्रोलात पाणी असणार. तमुक म्हणाला, पाणी कसलं, ठिणगीचे प्लग बदल. एकानं हळूच सुचवलं की सायलेन्सरमध्ये उंदराचा दुसरा संसार असेल. बिशपनं प्रार्थना सुचवली, आणि त्याला तेवढंच माहीत होतं हे त्यानं मान्यही केलं. डेलमाँट भिंतीला टेकून उभा. त्याला विचारलं तर म्हणाला, "इंजिन म्हातारं झालं असेल. होतं तसं."

तीन आठवडे आर्वेला त्यांच्या सल्ल्यांमागे धावली. पेट्रोल बदललं, प्लग बदलले, गाळणी बदलली. इंजिनाचा दाब मोजला, तो नव्यासारखा निघाला. इंजिनाची ताकद मागच्या पट्ट्याला पोचवणारा बेल्ट नवा घातला. ज्या ज्या गोष्टी ठीक होत्या त्या सगळ्या तिनं ठीक केल्या. गाडी मागच्या शेतात पळायची. बकरीच्या शिडीवर आर्वेला दोनदा रूलनला घेऊन गेली, दोनदा गाडी दुसऱ्या वळणापुढे बसली.

फेब्रुवारीचे दहा दिवस उरले. ती माझ्या स्वयंपाकघरात चर्चच्या जेवणासाठी गाजराचा केक करत होती. कृती रूलनच्या बहिणीची. ती खाली समुद्रकाठी राहते, तिनं चिठ्ठीवर लिहून पाठवलेली. मी चिठ्ठी वाचत होते, ती हातानं करत होती.

"दोन चमचे सोडा," मी वाचलं.

तिनं सव्वा घातला.

"दोन म्हटलंय."

"खालचे दोन म्हणजे आपला सव्वा, आत्या. नाही तर फुगून मधेच बसेल. पीठही मूठभर जास्त. हे काय आज सांगायचंय का?"

खरंच होतं. आमच्या दरीचा तळ सहा हजार फुटांवर. इथल्या कुठल्याही बाईला विचारा, केकच्या तयार पिठाच्या डब्यावर मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, उंचावर राहत असाल तर अमुक करा. आम्ही तेवढंच वाचतो. पुढची बाजू खालच्या लोकांसाठी.

ती ढवळता ढवळता थांबली. चमच्यावरून पीठ माझ्या फरशीवर.

"आत्या, त्या तळ्याची उंची किती असेल?"

"मला काय माहीत? तळं म्हणजे खड्डा."

तिनं पीठ तसंच टाकलं आणि रूलनला हाक मारली. त्याच्या फोनवर शोधलं. तेराशे फूट. आणि आमच्या मोजायच्या जागा साडेआठ हजारांवर.

"मधेच बसतेय," ती म्हणाली. "फुगते आणि मधेच बसते. रूलन, ती गाडी अजून तळ्याकाठच्या कृतीवर आहे!"

रूलन म्हणाला, "पण हवेचं मोजमाप ती गाडी स्वतःच करते ना? कॉम्प्युटर आहे तिला."

"पेट्रोलचं करते. क्लचचं कोण करतं?"

बाकीचं मला तिनं गोठ्यात दाखवलं तेव्हा कळलं. क्लचमध्ये तीन छोटी वजनं असतात, वाकड्या बोटांसारखी. इंजिन फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि बेल्ट आवळतात. हवा दाट असेल तर इंजिनात दम असतो, तेव्हा जड वजनं चालतात. वर हवा विरळ. इंजिन अजून श्वास घेतंय, तोवर जड वजनं बेल्ट आवळून मोकळी. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. तिनं वजनांवरचा आकडा पुसून वाचला. सत्तर ग्रॅम.

मग ती डेलमाँटकडे गेली. त्याचीही गाडी त्याच घराण्यातली. झाकण उघडलं तर बासष्ट.

डेलमाँट त्या आकड्याकडे पाहत बसला. मग टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"सिस्टर, हे मला सुचायला हवं होतं."

"तुम्हाला कसं सुचेल, ब्रदर टॉलमन? तुम्ही कधी खाली राहिलात का?"

खरी गोम तीच होती. आमच्या दरीतली एकूणएक गाडी इथल्याच दुकानातून येते, दुकानातच वरची वजनं घालून. तळाशी सहा हजार फूट आहेत हे इथल्या पुरुषांना पोस्टाच्या पाटीपुरतं ठाऊक. त्यांच्या लेखी जमीन इथूनच सुरू होते. चर्चच्या बोळात वीस जणांनी गाडीचं निदान केलं, आणि एकालाही वाटलं नाही की गाडी परगावची आहे, तिला कुणी सांगितलंच नाही की ती वर आलीय.

रूलनला मात्र ते लागलं. "वीस पुरुष आणि एक गाजराचा केक," तो दिवसभर म्हणत होता. "आणि केक बसला तो बसलाच."

डेलमाँटच्या फडताळात कोकोच्या डब्यात जुनी वजनं होती, पाच. सगळ्यांवर बासष्ट छापलेलं. आर्वेलाला छापलेलं पटेना. तिनं माझा पिठाचा काटा गोठ्यात नेला. दोन झिजून हलकी झाली होती, तीन बरोबर निघाली. तिन्ही सारखी नसतील तर क्लच थरथरतो म्हणे. तिनं जुनी काढली, ही बसवली, पिना पुसून घातल्या, पुस्तकात बघून आवळल्या. रूलन दिवा धरून उभा. "हळू," तो म्हणाला. "हळूच करतेय," ती म्हणाली. "मी स्वतःला सांगतोय," तो म्हणाला.

फेब्रुवारीच्या सत्तावीस तारखेला सकाळी आर्वेला आणि डेलमाँट निघाले. फाटकापाशी एकमेकांच्या छातीवरची यंत्रं तपासायची असतात, बर्फाखाली गाडलं गेलेलं माणूस शोधायला ती लागतात. डेलमाँट पाच पावलं लांब गेला, हिचं वाजलं. ही लांब गेली, त्याचं वाजलं. मग ते गेले, आणि मी आणि रूलन माझ्या स्वयंपाकघरात त्यांच्याशी बोलायचा रेडिओ टेबलावर ठेवून बसलो. रूलन माझा टोस्टर दुरुस्त करायला घेऊन बसला होता. टोस्टरला काही झालेलं नव्हतं.

दहा वाजता डेलमाँटचा आवाज आला. "शिडीच्या पायथ्याशी. सिस्टर पुढे."

मग काही नाही. रूलननं टोस्टरचा एक स्क्रू काढला, घातला, पुन्हा काढला. मला आठवतं, मी त्याला म्हटलं, "नाही चढली तर?" तो म्हणाला, "मग ती परत तुझ्याकडे येऊन बसेल, आत्या. विणकाम न येता." आम्ही दोघंही हसलो नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. रेडिओ खरखरला, आणि वाऱ्यात ओरडणारी आर्वेला.

"इंजिनाचा काटा आठ हजार फेऱ्यांवर! रूलन, आठ हजार दोनशे! तिसरं वळण मागे गेलं! ऐकतोयस का?"

रूलननं बटण दाबलं. मग म्हणाला, "टोस्टर चालू झाला."

पुढचं मला डेलमाँटनं सांगितलं, संध्याकाळी, याच टेबलावर, कोको पिताना. वर पोचल्यावर तो गाडीवरच बसून राहिला, पाय लांब करून. दहाही जागा तिनं केल्या. तो नुसता आकडे लिहीत होता. नळी खाली गेली, वर आली की आधी तिच्या टोकात माती आहे का बघायचं. माती असेल तर नळी जमिनीला लागली. नसेल तर ती बर्फातल्या बर्फावरच कुठं अडकली, आणि आकडा खोटा.

सहा जागा झाल्या. सातव्या जागी नळी सात फूट गेली, टक्कन वाजली, वर आली. माती नाही. टोकाला लाकडाची साल.

तो वाट पाहत राहिला. वारा वाढत होता, आभाळ खिंडीवरून खाली येत होतं, आणि अजून तीन जागा बाकी.

आर्वेलानं साल बोटात धरली, वास घेतला. "ब्रदर टॉलमन, इथं खाली काय आहे?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"पाइनचं खोड. पडलेलं. कुठल्या दिशेनं पडलंय ते सांगा."

"का?"

"म्हणजे कुठल्या बाजूला सरकायचं ते कळेल. हा आकडा मी लिहू देणार नाही."

"डावीकडे," डेलमाँट म्हणाला. "एक पाऊल. नऊ वर्षांपूर्वीच्या वादळात पडलं."

ती डावीकडे सरकली. नळी पुन्हा घातली. या खेपेला टोकाला काळी माती आली. बर्फाची खोली चौदा इंचांनी जास्त निघाली.

"एवढं नळी घालायच्या आधीच का नाही सांगितलंत?" तिनं विचारलं, आणि ती विचारणारच होती.

"सांगितलं असतं तर तुम्ही डावीकडे गेलाच असता," तो म्हणाला. "मला बघायचं होतं, न सांगता जाता का."

कचेरीच्या कागदावर खाली दोन ओळी असतात. एक मोजणाऱ्याची, एक मदतनिसाची. एकतीस वर्षं पहिल्या ओळीवर त्याचंच नाव. त्यानं कागद माझ्या टेबलावर पसरला, चष्मा लावला, आणि दुसऱ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं, हळूहळू, शाळेतल्यासारखं. मग पेन्सिल आर्वेलाकडे सरकवली.

तिनं पेन्सिल घेतली, आणि लिहायच्या आधी म्हणाली, "तुमच्या गाडीच्या क्लचमधली स्प्रिंग कुठल्या रंगाची आहे? माझी शेवटच्या वळणावर जरा—"

"सिस्टर," डेलमाँट म्हणाला, "आधी सही करा."